न बघता धरलेली धार

नार्दोचा उजवा हात झोळीत बांधून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सहा आठवडे हा हात वर न्यायचा नाही."

"शनिवारी तासाभरापुरता नेतो," नार्दो म्हणाला. "शनिवारी माझ्या सिद्राची बुचं काढायचीत."

डॉक्टरीणबाई त्याच खोऱ्यातल्या होत्या. त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "मग आठ आठवडे."

नार्दोला यात काळजी दिसली. त्याने आभार मानले आणि तो घरी आला. आठवड्याच्या सुरुवातीला पिंपघराच्या छताला डुकराची वाळवलेली तंगडी टांगताना तो शिडीवरून पडला होता. तंगडी त्याने पडता पडता छातीशी कवटाळली, त्यामुळे ती वाचली आणि खांद्याचं हाड गेलं. बायकोने, तेल्वाने, आधी तंगडी उचलून आकड्याला लावली आणि मग त्याला उचललं. एकतीस वर्षांच्या संसारात माणूस कशाला आधी हात घालायचा ते शिकतो.

मे महिन्यातला दुसरा शनिवार म्हणजे नार्दोच्या घरचा सण. शरद ऋतूत स्वतःच्या बागेतली सफरचंदं वेचून, बापाच्या लाकडी चरकात पिळून, बापाच्याच चेस्टनटच्या पिंपात आंबवलेली सिद्रा त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर यायची. अस्तुरियासच्या त्या डोंगरात सफरचंदाची ही दारू घरोघरी होते, पण घरोघरच्या पिणाऱ्यांना आमंत्रण देणारा नार्दो एकटा. वस्तीतली बारा-पंधरा माणसं यायची, पिंपघरात गोल करून उभी राहायची आणि नार्दो धार धरायचा.

कारण सिद्रा ओतत नाहीत, तिची धार धरतात. बाटली डोक्याच्या वर, पेला मांडीपाशी, आणि नजर समोर. बाटलीकडे बघायचं नाही, पेल्याकडे तर मुळीच नाही. खाली बघून धार धरणारा माणूस तिथे पायांकडे बघून नाचणाऱ्या नवरदेवाइतकाच हास्यास्पद ठरतो. पेल्यात दोनच घोट पडतात. ते फेस मरायच्या आत एका दमात घ्यायचे, तळाशी चमचाभर ठेवायचे आणि ज्या कडेला ओठ लावले त्या कडेवरून ते जमिनीवर फेकून पेला पुढच्याला द्यायचा. पेला एकच असतो आणि तोंडं पंधरा, तेव्हा कड धुवायला नको?

या कलेत नार्दोचा हात धरणारा कुणी नव्हता. तीस वर्षं तो समोरच्या भिंतीवरच्या घोड्याच्या नालाकडे बघत धार धरत आला होता. नालाला सात खिळे होते आणि पाचवा वाकडा होता, हे तो झोपेतही सांगू शकला असता. त्याच्या कानांवर मात्र दर वर्षी एकच शब्द पडायचा. "अमृत!" शेजारीण देल्फिना म्हणायची, निवृत्त पोस्टमन सेल्मो म्हणायचा, खुद्द पाद्रीबाबा म्हणायचे. त्या एका शब्दावर नार्दो उरलेलं वर्ष काढायचा.

एकट्या एका माणसाने तो शब्द उच्चारला नव्हता. तो म्हणजे नार्दोचा सख्खा थोरला भाऊ ओविदिओ. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने सगळ्यांसमोर पेला तळापर्यंत रिकामा केला, पिंपावर ठेवला आणि म्हणाला, "नार्दो, हे व्हिनेगर झालंय, कांद्यावर घाल, माणसांना देऊ नकोस. आपल्या बाबांचंही असंच व्हायचं." आधी सिद्राचा अपमान आणि वर गेलेल्या बापाचा! नार्दोने त्याला दाराबाहेर काढलं. दोघांच्या घरांमध्ये एक सामाईक भिंत होती, दोघांच्या वाट्याला बापाची अर्धी अर्धी बाग होती, पण त्या दिवसापासून शब्द म्हणून नाही. ओविदिओ आपली सफरचंदं ट्रकने मोठ्या कारखान्याला विकून मोकळा व्हायचा. नार्दो म्हणायचा, "विकणाऱ्याला चव कशी कळणार?"

तर आता धार कोण धरणार, हा प्रश्न होता. नार्दोने गुरुवारी डाव्या हाताने प्रयत्न केला. पहिल्या बाटलीत त्याचा बूट भिजला, दुसरीत तेल्वाची कोंबडी. कोंबडी दोन दिवस खुराड्यातून बाहेर आली नाही.

"पुढे ढकल की," तेल्वा म्हणाली. "नाहीतर या वर्षी राहू दे. लोकांना काय वाईट वाटायचंय?"

"वाईट वाटायचंय काय म्हणतेस? वर्षभर वाट बघतात गं ती माणसं!"

तेल्वा बटाटे सोलायला गेली.

शेवटी माद्रिदहून जावई आला. राउल विमा कंपनीत नोकरीला होता, स्वभावाने गरीब होता आणि सासऱ्याच्या घरी मेमधल्या त्या शनिवारी तोपर्यंत कधी फिरकला नव्हता. मुलीने त्याला बसमध्ये बसवलं आणि स्वतःला ऐनवेळी ताप आणला. तिचं बालपण त्याच घरात गेलं होतं.

शुक्रवारी पिंपघरात पाण्याच्या बाटलीवर शिकवणी सुरू झाली.

"खाली बघू नकोस!"

"पण सासरेबुवा, पेला खाली आहे."

"पेला कुठे पळून जातोय का? समोर बघ."

"समोर कुठे?"

"कुठेही. तो नाल बघ."

"बघितला. आता काय करू?"

"बघत राहा! नजर हलली की धार हलली. माझ्या बाबांनी चाळीस वर्षांत एकदाही खाली बघितलं नाही."

"आणि लोक काय करत होते?"

"लोक पीत होते, आणखी काय करणार?" नार्दो म्हणाला.

शनिवारी दुपारी माणसं जमली. टेबलावर उकडलेली अंडी होती, बटाट्याचं जाड ऑम्लेट होतं, ती ऐतिहासिक तंगडी होती. तेल्वा स्वयंपाकघरात चोरिथो, म्हणजे तिखट डुक्कर-सॉसेज, शिजवत होती. नार्दोला उभं राहिलं की खांदा ठणकायचा, म्हणून त्याला दूध काढायच्या बुटक्या तिपाईवर कोपऱ्यात बसवलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो या दिवशी बसला होता, आणि पहिल्यांदाच त्याच्यासमोर तो नाल नव्हता. तिथून त्याला दिसत होते ते लोकांचे हात, बूट आणि जमीन.

राउलने पहिली धार धरली. निम्मी पेल्यात पडली, निम्मी बाहीत गेली. पेला वडीलकीच्या मानाने देल्फिनाकडे गेला. देल्फिनाने तो ओठांना लावला. ओठ मिटलेले होते. गळा जरासुद्धा हलला नाही. "आहाहा, अमृत!" असं म्हणत तिने मनगटाला एक हलका झटका दिला आणि दोन्हीच्या दोन्ही घोट भिंतीलगतच्या गटारीत गेले.

बाईला घसा धरला असेल, नार्दोने मनाशी म्हटलं.

पेला सेल्मोकडे गेला. सेल्मोने विनयाने पाठ वळवली. पाठीमागून फक्त त्याचं कोपर दिसलं, पण नार्दो खाली बसल्यामुळे त्याला दोन पायांमधलंही दिसलं. तिथे एक छोटासा धबधबा होता. "अमृत!" सेल्मो वळून म्हणाला आणि त्याने बाहीने कोरडे ओठ पुसले.

पाद्रीबाबा दाराशी जिरेनियमच्या कुंडीजवळ उभे होते. ते दर वर्षी तिथेच उभे राहायचे. त्यांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि पेल्यातलं कुंडीला अर्पण केलं. ते जिरेनियम दर वर्षी जूनमध्ये मरायचं. नार्दो त्याबद्दल दारातल्या वाऱ्याला शिव्या द्यायचा.

आणि मग त्याला एकदम सगळंच दिसलं. पाद्रीबाबांची जागा ठरलेली होती, तशी प्रत्येकाचीच होती. देल्फिना गटारीपाशी, सेल्मो सांडपाण्याच्या जाळीपाशी, सुतार खिडकीपाशी, आणि खिडकी उघडी. चर्चमधल्या बाकांसारखी प्रत्येकाची जागा ठरलेली आहे, याचं त्याला किती कौतुक होतं! लोकांना आपल्या घराबद्दल आपलेपणा वाटतो, असं तो तेल्वाला दर वर्षी सांगायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे तीस वर्षं लोकांनी त्याची मूठ झाकून धरली होती, आणि तो आपला नालाचे खिळे मोजत उभा होता.

प्यायला तो एकटा राउल. त्याला बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्या पाळीला त्याने प्रामाणिकपणे दोन्ही घोट गिळले. त्याचे कान लाल झाले, मग पांढरे झाले. तो वाकून नार्दोच्या कानाशी आला.

"सासरेबुवा, याची सवय होते का?"

"होते."

"किती वर्षांत?"

नार्दो उठला. तो आतल्या दाराने स्वयंपाकघरात गेला. त्याला तेल्वाला हे सांगायचं होतं. एवढ्या अपमानानंतर माणूस बायकोकडे जाणार नाही तर कुठे जाणार? तेल्वा चुलीपाशी पाठमोरी उभी होती आणि चोरिथोच्या पातेल्यात बाटलीतून सिद्रा ओतत होती. बाटली हिरवी, बिनलेबलाची. त्या मुलखातल्या सगळ्याच बाटल्या तशाच असतात. पण बूच ओट्यावर पडलं होतं आणि बुचावर पलीकडच्या खोऱ्यातल्या कारखान्याचा छाप होता. खाली फळीवर आणखी सहा बाटल्या ओळीने उभ्या होत्या.

"हे बूच आपलं नाही," नार्दो म्हणाला.

"बूच कुणी खातं का? सरक, तेल उडेल."

"तेल्वा, किती वर्षं?"

तिने पळी खाली ठेवली. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. पहिल्या वर्षी आपल्यात शिजवले होते. कुत्र्याने हुंगले आणि तो शेजारी राहायला गेला."

"तो कुत्रा म्हातारा होता!"

"बरं, म्हातारा होता."

"बाहेर सगळे फेकतात. सगळे! तुला माहीत होतं?"

"मी फरशी धुते, नार्दो," तेल्वा म्हणाली. "फरशी धुणाऱ्या बाईला सगळं माहीत असतं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"ओविदिओने सांगितलं होतं ना?"

तिने पुन्हा पळी उचलली. ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. पण ती साध्या आवाजात बोलली आणि ते नार्दोला जास्त लागलं. तो बराच वेळ त्या सहा बाटल्यांकडे बघत राहिला. मग त्याच्या डोक्यात एक कल्पना आली. त्याने चार बाटल्या झोळीत आणि काखेत कोंबल्या आणि तो पिंपघरात परतला.

"राउल, आता या घे. खास पिंपातल्या आहेत," तो मोठ्याने म्हणाला आणि पुन्हा तिपाईवर बसला.

कारखान्याची ती सिद्रा शहरातल्या लोकांना रांगेत उभं राहूनही मिळत नाही. राउलने धार धरली, आणि एव्हाना हात बसल्यामुळे बरी धरली. देल्फिनाने ओठ मिटून पेला लावला, झटका दिला, गटार. सेल्मोने पाठ वळवली, धबधबा. पाद्रीबाबांनी डोळे मिटले आणि जिरेनियमला त्याच्या आयुष्यातली पहिली चांगली सिद्रा मिळाली.

"अमृत!" देल्फिना म्हणाली.

"अगदी गेल्या वर्षीसारखी," सेल्मो म्हणाला.

नार्दोला आधी हसू आलं, मग हसता हसता मध्येच थांबावं लागलं. म्हणजे ही माणसं चाखतच नव्हती! वाईट म्हणून फेकत नव्हती, चांगली म्हणूनही पीत नव्हती. पूर्वी कधीतरी कुणीतरी फेकली असेल, त्याचं बघून दुसऱ्याने, आणि पुढे सगळ्यांचे हात आपोआप हलायला लागले. मग त्याची सिद्रा वाईट आहे हे ठरवलं कुणी? तेल्वाने? तिला स्वतःच्या लग्नातलं जेवणही खारट लागलं होतं. राउलने? माद्रिदचा माणूस, बियर पिणारा. बुडत्याला काडीचा आधार लागतो तसा नार्दोला हा विचार पुरला. कदाचित सिद्रा चांगलीच असेल. या तीस वर्षांत ती कुणी नीट प्यायलंच नसेल.

नाही, एक जण प्यायला होता. तळापर्यंत प्यायला होता, थेंबही न फेकता, आणि मग जे वाटलं ते तोंडावर बोलला होता. अख्ख्या वस्तीत खरं बोलणारा तेवढा एकच माणूस होता, आणि नार्दोने नेमकं त्यालाच हाकलून दिलं होतं.

त्याने स्वतःच्या पिंपातली एक बाटली घेतली, एक पेला झोळीत ठेवला आणि मागच्या दाराने तो निघाला. भिंतीला वळसा घालायला वीस पावलं लागतात. नार्दोला एकोणीस वर्षं लागली होती.

ओविदिओ अंगणात बाकावर बसून कोयत्याला धार लावत होता. त्याचे केस सगळे पांढरे झाले होते. नार्दोने ते दुरून पाहिले होते, पण जवळून डोकं अगदीच बापासारखं दिसत होतं. वाटेत त्याने चांगली चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही वर येईना.

"हात मोडला," तो म्हणाला.

"ऐकलं," ओविदिओ म्हणाला. "तंगडी वाचली म्हणे."

"वाचली."

"मोठी आहे?"

"नऊ किलो."

"मग बरं केलंस."

नार्दोने झोळीतून पेला काढून भावाच्या हातात दिला. "मला एक सांग. नीट पी आणि सांग. तिकडे सगळे लबाड भरलेत. तू तरी खरं सांगशील."

डाव्या हाताने धार धरायची तर त्याला खाली बघणं भाग होतं. त्याने बघितलं. निम्मी ओविदिओच्या गुडघ्यावर सांडली, पण दोन घोट पेल्यात पडले. ओविदिओने पेला तोंडाला लावला. त्याच्या गळ्यातली गाठ खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. डोळ्यांतून पाणी आलं. एका हाताने त्याने बाकाची कड घट्ट धरली. पेला उलटा केला तेव्हा त्यातून थेंबही पडला नाही.

नार्दो श्वास रोखून उभा होता. कांद्यावर घालायची म्हणाला तरी चालेल, त्याला वाटलं, फक्त प्यायल्यावर म्हणू दे.

ओविदिओने दोनदा खाकरून आवाज शोधला.

"अमृत," तो म्हणाला.

"ओविदिओ!" नार्दो ओरडलाच. "तू सुद्धा? अरे, मी मुद्दाम तुझ्याकडे आलो! खरं सांग!"

"खरं मी एकदा सांगितलं होतं," ओविदिओ म्हणाला. तो नार्दोकडे बघत नव्हता, कोयत्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत होता. "त्याला एकोणीस वर्षं झाली. दर मेमध्ये भिंतीपलीकडून तुमचं हसणं ऐकत इथे एकट्याने जेवलो. माझ्याकडे आता आणखी एकोणीस वर्षं नाहीत, नार्दो. अमृत आहे. धर धार."

नार्दोच्या तोंडात बरंच काही आलं होतं. ते त्याने गिळलं, आणि ते त्याच्या सिद्राइतकंच कडू होतं. त्याला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं, भावाने ते अगदी स्पष्ट दिलं होतं, आणि आता त्यावर भांडायचीही सोय राहिली नव्हती.

त्याने डाव्या हातात बाटली धरून जमेल तितकी वर नेली. या वेळी त्याने खाली बघितलं नाही. समोरच्या उतारावर कुणाची तरी तांबडी गाय चरत होती, त्याने तिच्यावर नजर लावली आणि धार सोडली. पेल्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग थोडी शांतता. मग बाकामागच्या गवतात चमचाभराहून बरंच जास्त काहीतरी पडलं.

भिंतीपलीकडे कुणीतरी जोरात "अमृत!" म्हणालं आणि सगळे हसले.

"आणखी देऊ?" नार्दोने गायीकडे बघत विचारलं.

"दे," ओविदिओ म्हणाला, "पण थोडीच."